रात्रीचा मुक्काम: धक्क्याला की नांगरावर?

हिवाळ्यात शिडाच्या बोटीने मुंबईहून गोव्याकडे जाताना दुपारचा वायव्येचा वारा पाठीशी असतो, म्हणून मुक्काम संध्याकाळच्या आत गाठावा. मग प्रश्न उरतो, बांधायचं कुठे?

धक्क्याची सोय उघड आहे. उतरलं की बाजार. पाणी, डिझेल, भाजी हातोहात चढते. पण आपल्या किनाऱ्यावरचे बहुतेक धक्के मासेमारीसाठी आहेत. ट्रॉलर पहाटे निघतात, बाजूला येऊन टेकतात. शिवाय भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. दक्षिणेकडे हा फरक कमी होतो, तरी दोर सैल-घट्ट करायला रात्री उठावंच लागतं.

नांगरावर मात्र झोप लागते. विजयदुर्गच्या खाडीसारखी आडोशाची जागा असेल तर फारच छान. भरतीच्या वेळची खोली धरून तिच्या किमान पाचपट साखळी सोडावी, आणि ओहोटीला बोट उलटी फिरेल तेव्हा कुणाची जाळी आड येत नाहीत ना, हे उजेडातच बघून ठेवावं. अंधार पडताच नांगराचा पांढरा दिवा लावायचा. गोडं पाणी जपून वापरावं लागतं: भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, शेवटची विसळ तेवढी गोड्याने. किनाऱ्यावर जायला छोटी होडी वल्हवावी लागते, तेही मला आवडतं.

माझं मत नांगराला. धक्क्याला फक्त पाणी-डिझेल भरण्यापुरतं, तेही भरती असताना लागावं. पहाटे मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, सुटला की नांगर उचलून इंजिन न लावता निघता येतं.