दख्खनी मेंढीतील जुळी: एक जनुक की पिढ्यान्‌पिढ्यांची निवड?

दख्खनी मेंढी सहसा एका वेतात एकच कोकरू देते. हे प्रमाण वाढवण्याचा पहिला मार्ग म्हणजे नोंदी ठेवून अधिक जुळी देणाऱ्या मेंढ्यांची संतती निवडणे. परंतु कोकरांच्या संख्येची आनुवंशिकता (म्हणजे मेंढ्या-मेंढ्यांतील फरकात वारशाने येणारा वाटा) जेमतेम दहा टक्के असल्याने ही प्रगती फार संथ होते.

दुसरा मार्ग फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने अवलंबला. सुंदरबनातील लहानखुऱ्या गरोळ मेंढीत असलेले, एका वेतातील कोकरांची संख्या वाढवणारे ‘फेक-बी’ हे जनुक त्यांनी संकरातून दख्खनी मेंढीत आणले आणि पुढे पुन्हा दख्खनीशीच संकर करत दख्खनीची अंगकाठी टिकवली. या जनुकाची एक प्रतही (आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आलेली) एका वेतातील सरासरी सुमारे दीड कोकरापर्यंत नेते, आणि रक्ताच्या डीएनए चाचणीमुळे, स्वतः कधीच न विणारा नरही लहानपणीच पारखता येतो, ही माझ्या मते या मार्गाची सर्वांत मोठी सोय आहे.

मात्र जनुक दूध वाढवत नाही. जुळ्यांना पुरेसे दूध आणि गाभण मेंढीला पुरेसा चारा नसेल, तर कोकरे अशक्त राहून दगावतात. म्हणून जुळ्यांसाठी जनुक निवडावे. वजन, दूध आणि काटकपणा यांसाठी मात्र नोंदींवर आधारलेली निवड सोडू नये.