स्लॉटेड अँगलच्या रॅकवर ऑडिओ सिस्टीम : ९ महिन्यांनंतर

आधीचं टीव्ही युनिट दिसायला देखणं होतं, पण जेमतेम ३५ सेंटीमीटर खोल. माझ्या अँप्लिफायरची नुसती पेटीच ३४ सेंटीमीटर. मागे स्पीकरच्या वायरी, आरसीए पिना (ऑडिओ सिग्नलच्या वायरींच्या) आणि पॉवर कॉर्ड यांना वळायला आणखी ८-१० सेंटीमीटर लागतात, हे विकत घेताना मी मोजलंच नव्हतं. परिणामी अँप्लिफायर पुढे लोंबायचा आणि बंद पाठीमुळे इतका तापायचा की वर हात ठेववत नसे. तेव्हापासून रॅक बघताना मी पहिल्यांदा खोली विचारतो. ४५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर पुढचं बोलणंच नाही.

'ऑडिओ रॅक' नावाने मिळणाऱ्या वस्तूंच्या किमती माझ्या आवाक्यातल्या नव्हत्या. म्हणून पुण्यात बोहरी आळीत जाऊन दुकानात माल ठेवायला घेतात तो स्लॉटेड अँगलचा, म्हणजे ओळीने भोकं असलेल्या काटकोनी लोखंडी पट्ट्यांचा, रॅक घेतला. ३ फूट उंचीचे चार अँगल आणि ३६ बाय १८ इंचांचे तीन पत्रे. पत्रा २२ गेजचा स्वस्त मिळतो, पण मी १८ गेजचा मागितला. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. प्लायचे तुकडे आणि बाकी सामान धरून खर्च साडेचार हजारांच्या आत बसला.

नुसता पत्रा मात्र ऑडिओला चालत नाही. बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा वाजतो. त्यावर टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) ठेवलं तर ती थरथर सुईपर्यंत पोहोचते. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या डबीतून, निघणारा सिग्नल जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो. फोनो स्टेज, म्हणजे टर्नटेबलसाठीचा खास प्री-अँप्लिफायर, तो शंभरेक पटींनी वाढवतो, आणि त्याच्याबरोबर थरथरही वाढते. मी प्रत्येक पत्र्यावर कॉर्कची शीट आणि तिच्यावर १८ मिमी प्लाय टाकला. प्लाय बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणाऱ्या) ग्रेडचा घ्या आणि कापलेल्या कडांना प्रायमर लावा, नाहीतर पावसाळ्यात कडा फुगतात.

फरक पडला की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. टर्नटेबल बंद ठेवून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवायची, आवाज अगदी बेताचा ठेवायचा आणि फळीवर बोटाच्या पेराने हलकेच ठोकायचं. आधी स्पीकरमधून स्पष्ट 'धप्प' यायचं. आता जवळ कान नेला तरच ऐकू येतं. स्पीकर मात्र रॅकवर ठेवू नका. मी पहिले चार दिवस ठेवले होते आणि आवाज वाढवला की खालचे सूर घुमायचे. स्टँडवर हलवले, घुमणं थांबलं.

मांडणी अशी आहे : सगळ्यात खाली रेकॉर्डी उभ्या, कारण वजन तिथेच जास्त. वडिलांच्या आणि माझ्या मिळून सव्वाशे एलपी म्हणजे जवळपास ३० किलो. मधल्या फळीवर उजवीकडे अँप्लिफायर, त्याच्या डोक्यावर वीतभर मोकळी जागा. वर डावीकडे टर्नटेबल. ते अँप्लिफायरच्या बरोबर वर होतं तेव्हा ट्रान्सफॉर्मरमुळे बारीक 'हम्म' यायचा. दीड फूट बाजूला सरकवल्यावर तो गेला. आता तास-दोन तास वाजवूनही अँप्लिफायर फक्त कोमट लागतो. माझ्यासाठी या रॅकचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

आता तक्रारी. दोन महिन्यांत नट सैल झाले आणि रॅक डुलायला लागला. कोपऱ्यांच्या त्रिकोणी प्लेटा दुकानदाराने दिल्या होत्या, पण लवकर जोडून व्हावं म्हणून मी अर्ध्याच लावल्या होत्या. सगळ्या लावल्या, प्रत्येक नटाखाली स्प्रिंग वॉशर घातला आणि मागे एक तिरकी लोखंडी पट्टी मारली. चौकोन दाबला की तिरपा होतो, त्रिकोण होत नाही, म्हणून ती पट्टी महत्त्वाची. त्यानंतर सहा महिने नटांना हात लावावा लागलेला नाही. जुलैमध्ये अँगलच्या कापलेल्या टोकांना गंज दिसला. घासून रेड ऑक्साइड आणि वर काळा ऑइलपेंट दिला. पत्र्याच्या कडा धारदार असतात. वायर जिथे कडेला घासते तिथे चिरलेली प्लास्टिकची नळी चढवलीच पाहिजे, विशेषतः पॉवर कॉर्डवर.

आमच्या हॉलची फरशी बाल्कनीकडे उतरती आहे. पाणसळ ठेवून पाहिलं तर रॅक एका बाजूला बराच झुकलेला होता. पायांखाली लेव्हलिंग बोल्ट लावून तो सरळ केला. त्याआधी टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आतल्या बाजूला ओढल्यासारखा वाटायचा. खालची फळी जमिनीपासून ६ इंच वर ठेवली आहे, त्यामुळे फरशी पुसताना रेकॉर्डींना पाणी लागत नाही.

घरात रांगतं मूल असेल तर हा रॅक घेऊ नका. चारही बाजूंनी उघडा आहे, वायरी हाताशी येतात. धूळही रोज बसते. टर्नटेबलचं झाकण आणि एक मऊ फडका यावर माझं भागतं. आई या रॅकला 'मांडणी' म्हणते. स्वयंपाकघरातल्या तिच्या जुन्या मांडणीसारखीच याचीही फळी बोल्ट सोडवून वरखाली करता येते. पुढच्या महिन्यात सीडी प्लेअर येतोय, तेव्हा मधली फळी दोन भोकं खाली घेणार आहे.