कॅन्सरचं दुखणं: ट्रॅमाडॉल, मॉर्फिनची गोळी की फेंटानिलचा पॅच?

परळला टाटा मेमोरियलच्या ओपीडीतून केसपेपर घेऊन बाहेर पडलेल्या घरच्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: “मॉर्फिन लिहिलंय, म्हणजे आता काही आशा नाही का?” तसं अजिबात नाही. मॉर्फिन देतात ते दुखणं किती आहे ते बघून, आयुष्य किती उरलंय ते बघून नव्हे. केमो चालू असतानाही ते घेता येतं, आणि रेडिएशननं हाडाचं दुखणं ओसरलं की डॉक्टर डोस उतरवत बंदही करतात. ही भीती बाजूला ठेवली तरच निवड नीट होईल.

हाडात गाठ वाढते तेव्हा तिथे प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं तयार होतात आणि वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोकं हुळहुळी होतात. ए-डेल्टा तंतू तीव्र कळ झटकन नेतात, सी तंतू मागाहून येणारा ठणका. दोन्ही मज्जारज्जूत पोचतात आणि तिथून निरोप मेंदूतल्या थॅलॅमस या केंद्रामार्गे मेंदूच्या वरच्या भागात जातो. डायक्लोफेनॅक हे साधं वेदनाशामक दुखऱ्या जागी प्रोस्टाग्लँडिन कमी करतं. ट्रॅमाडॉल, मॉर्फिन, फेंटानिल ही ओपिऑइड औषधं मुख्यतः वर, मज्जारज्जूत आणि मेंदूत काम करतात. तिथल्या पेशींवर म्यू रिसेप्टर नावाच्या जागा असतात, त्यांना ती चिकटली की निरोप देणाऱ्या पेशीत कॅल्शियम शिरत नाही, त्यामुळे तिचं रसायन सुटत नाही. निरोप घेणारी पेशीही थंडावते. शरीराची स्वतःची वेदना कमी करणारी रसायनं, म्हणजे एंडॉर्फिन, याच रिसेप्टरवर बसतात. पण हेच रिसेप्टर आतड्यातही आहेत, म्हणून बद्धकोष्ठता होते, आणि श्वास चालवणाऱ्या केंद्रातही आहेत, म्हणून डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

ट्रॅमाडॉल मध्यम दुखण्याला ठीक. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, कारण त्यापुढे फिट येण्याचा धोका वाढतो. यकृतातलं एक एन्झाइम ज्यांच्यात कमी काम करतं, त्यांना या गोळीचा गुण कमी येतो. नैराश्याच्या काही गोळ्यांशीही तिचं जमत नाही, तेव्हा चालू औषधं आधीच सांगा. “साधी गोळी आहे, हीच चालू द्या” असा आग्रह घरचे धरतात आणि रुग्ण रात्र रात्र कण्हत काढतो, हे मला बघवत नाही. पूर्ण डोसवरही झोप मोडत असेल, तर ट्रॅमाडॉल रेटण्यात अर्थ नाही.

बहुतेकांसाठी त्यापुढची गोळी मॉर्फिनचीच, असं माझं स्पष्ट मत आहे. ती स्वस्त आहे, साधारण अर्ध्या तासात गुण येऊ लागतो आणि दुखणं वाढलं-घटलं तसा डोस लगेच बदलता येतो. साध्या गोळीचा असर चार तास टिकतो. म्हणून सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशी घड्याळावर द्यायची. रात्रीची बऱ्याचदा दुप्पट लिहितात, म्हणजे पहाटे २ ला उठवावं लागत नाही. कळ आल्यावरच देऊ, असं करू नका. गुंगी आणि मळमळ पहिल्या काही दिवसांत बहुधा उतरते, बद्धकोष्ठता मात्र उतरत नाही. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. किडनी अधू असेल तर मॉर्फिनचे अंश साचतात. तिथे गोळीचा हट्ट नको.

फेंटानिलचा कातडीवर चिकटवायचा पॅच खरा उपयोगी पडतो तो गिळता येत नाही तेव्हा: तोंडाचा, घशाचा कॅन्सर, सततच्या उलट्या. किडनीच्या रुग्णालाही तो जास्त मानवतो. एक पॅच साधारण ७२ तास चालतो. पण पहिल्यांदा लावल्यावर पूर्ण गुण यायला १२ ते २४ तास लागतात, आणि काढल्यावरही औषध कातडीखालून बराच वेळ रक्तात येत राहतं. म्हणून दुखणं स्थिरावलेल्या आणि आधी ओपिऑइड घेत असलेल्या माणसालाच तो देतात. तासाला २५ मायक्रोग्रॅम सोडणारा पॅचसुद्धा दिवसाला सुमारे ६० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या तोडीचा असतो! कातडी साध्या पाण्यानं पुसा, पूर्ण कोरडी करा, पॅच लावून तळव्यानं अर्धा मिनिट दाबा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहा. मुंबईच्या मे महिन्यात घामानं कडा सुटतात, रोज बघा. शेकायची पिशवी त्यावर ठेवायची नाही. ताप आला तरी डॉक्टरांना कळवा, कारण उष्णतेनं औषध जास्त शोषलं जातं. वापरलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडा. त्यात उरलेलं औषधही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. अचानक उठणाऱ्या कळेसाठी वेगळं औषध लागतंच, आणि पॅच गोळीपेक्षा बराच महाग पडतो.

आग, मुंग्या, विजेसारखी चमक असेल तर नस दाबली गेलेली असू शकते. अशा वेळी यातलं कुठलंही एकटं पुरेलच असं नाही. नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन ही औषधं जोडतात. नुसतं “दुखतंय” न सांगता ठणका आहे की आग, ते सांगा.

व्यसनाचं काय? डोस अचानक तोडला तर घाम, जुलाब, अस्वस्थता होते. ती शरीराला झालेली सवय आहे, व्यसन नव्हे. धोका शून्य मात्र नाही. घरात दारूचं किंवा नशेचं व्यसन असलेलं कोणी असेल तर डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा आणि औषध कुलपात ठेवा. रुग्ण हाक मारूनही उठत नसेल, श्वास फार मंद झाला असेल, तर पॅच काढून तडक हॉस्पिटल गाठा.

राहिला मिळण्याचा प्रश्न. अंमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा २०१४ मध्ये सुधारला आणि नियम सुटसुटीत झाले, तरी मॉर्फिन नाक्यावरच्या केमिस्टकडे सहसा मिळत नाही. मान्यताप्राप्त हॉस्पिटलातूनच आणावं लागतं. विरार-बदलापूरहून येणाऱ्यांनी पावसाळ्यात शेवटच्या गोळीची वाट बघू नये. लोकल बंद पडली तर डोस चुकतो, म्हणून तीन-चार दिवसांची औषधं हाताशी असतानाच पुढची आणून ठेवा.