सोसायटीत कार्बन उत्सर्जनाचा विषय कुठे काढावा: सभेत, विंगमध्ये की ग्रुपवर?

गच्चीवर सौर पॅनेल, पार्किंगमध्ये चार्जिंग, ओल्या कचऱ्याचं खत. असे विषय घेऊन शेजाऱ्यांपुढे जायचं ठरवलं की तीन जागा दिसतात: वार्षिक सर्वसाधारण सभा, विंगवार छोट्या बैठका आणि व्हॉट्सॲप ग्रुप. माणसं तिन्हीकडे तीच, पण तिन्हीकडे वेगळं बोलतात.

वार्षिक सभेचं बळ ठरावात आहे. सूचक, अनुमोदक, इतिवृत्तात नोंद झाली की पुढच्या समितीलाही तो सहजासहजी बाजूला सारता येत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, ती घ्यावीच लागते आणि 14 दिवस आधी नोटीस निघते. विषय त्या नोटिशीतच हवा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात ढकललात तर लाखोंच्या खर्चाचा ठराव टिकत नाही, आणि तोवर निम्मे लोक जेवायला घरी गेलेले असतात. थकबाकी, गळती, पार्किंग यांतून वेळ उरला तर सौरऊर्जा. त्यातून चारचौघांत एकदा ‘नाही’ म्हटलेला माणूस नंतर पटलं तरी मागे येत नाही. चर्चा पहिल्यांदाच सभेत काढायला माझा विरोध आहे तो यासाठी.

विंगवार बैठकीला कायद्याने काही वजन नाही. तरी पहिली पसंती मी तिलाच देईन. दहा-पंधरा घरं, संध्याकाळ, लॉबीतल्या खुर्च्या. खरे प्रश्न इथेच निघतात: पॅनेलच्या स्टँडसाठी स्लॅबला भोकं पाडली तर वॉटरप्रूफिंगचं काय? वरच्या मजल्यावर गळती झाली तर खर्च कोणाचा? पाण्याच्या टाकीची सावली पडते त्याचं काय? इथे हवामानबदलाचं भाषण नको, लिफ्ट-पंप-जिन्यातल्या दिव्यांचं बिल काढा. 20 किलोवॉटच्या संचाला साधारण 2,000 चौरस फूट मोकळी जागा लागते. वर्षाला अंदाजे 28,000 युनिट वीज मिळते. ग्रिडच्या, म्हणजे वीज कंपनीकडून येणाऱ्या, एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर जवळपास 20 टन उत्सर्जन टळतं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे इथे 3,60,000. बिलावर बोलायला सगळे तयार असतात. टनांचा आकडा त्याच कागदावर खाली लिहा, वाचणारे वाचतात.

आणखी एक गोष्ट. सभेत मत सभासदाचं. भाडेकरूला ते नाही, आणि फ्लॅट नवऱ्याच्या नावावर असेल तर बहुतेक वेळा बायकोही सभेला नसते. ओला-सुका कचरा वेगळा करायचा मात्र त्यांनीच! गावाकडे ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. शहरातल्या सोसायटीला तशी सोय नाही. ती विंगच्या बैठकीतच करून घ्यावी लागते, आणि भाडेकरूंना मुद्दाम बोलवावं लागतं.

ग्रुपचं थोडक्यात सांगतो. कोटेशन, बिलाचा फोटो, बैठकीची वेळ यांसाठी उत्तम. चर्चेसाठी वाईट: दोघं भांडतात, बाकीचे म्यूट करतात. पोलला आलेले अंगठे म्हणजे संमती नव्हे, वर्गणी मागताना ते कळतं.

फुटपाथ, सायकल मार्ग, बसथांबा असे विषय सोसायटीच्या हातातले नाहीत. ते महापालिकेकडेच न्यावेत. पुण्यात नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायची सोय 2006 पासून आहे.

मग निवड कशी करायची? वीस-पंचवीस घरांची एकच इमारत असेल तर विंगवार बैठकांचा घाट नको, चहाला सगळ्यांना एकदा बोलवा आणि थेट सभेची नोटीस काढा. चार-पाच विंगची सोसायटी असेल तर जून-जुलैत विंगवार बैठका, ऑगस्टमध्ये शंकांची लेखी उत्तरं आणि तीन कोटेशनं, सप्टेंबरात ठराव. इमारत पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर असेल तर गच्चीवरच्या पॅनेलवर पैसे घालूच नका. बैठका तरीही घ्या, पण विषय बदला: प्रत्येक पार्किंगपर्यंत चार्जिंगची वायर, पॅनेलसाठी सावली न पडणारी गच्ची, खतासाठी जागा. विकासकाची निविदा निघायच्या आत हे मागण्यांच्या यादीत गेलं पाहिजे. करारावर सह्या झाल्यावर यातली प्रत्येक गोष्ट जादा खर्चात मोजली जाते.