सॉव्हरिन फंडातली नोकरी: वजन चांगलं, मोडीत घट

जळगावच्या सराफ बाजारात जाणकार गिऱ्हाईक तीन गोष्टी विचारतं: वजन किती, घडणावळ किती, आणि उद्या मोडायला आणलं तर काय मिळेल? सॉव्हरिन फंडातली, म्हणजे देशाचा पैसा गुंतवणाऱ्या सरकारी फंडातली नोकरीही याच तीन प्रश्नांवर घासून बघावी. पगार ऐकताच 'सोडू नको भो' म्हणणाऱ्यांनी फक्त वजन पाहिलेलं असतं.

आधी एक लक्षात घ्या, हा एकच माल नाही. देशाकडचा तेलाचा किंवा परकीय गंगाजळीचा शिल्लक पैसा लांब मुदतीसाठी गुंतवायचा, एवढंच या संस्थांमध्ये सारखं. कुवेतने 1953 साली सुरुवात केली. सिंगापूरची टेमासेक 1974ची, अबुधाबी इन्व्हेस्टमेंट ऑथॉरिटी 1976ची, सिंगापूरचीच जीआयसी 1981ची. नॉर्वेच्या फंडाकडे जगभरच्या लिस्टेड कंपन्यांचा सुमारे दीड टक्का हिस्सा आहे, पण तिथलं काम बेंचमार्कला बांधलेलं: 70 टक्के शेअर, 30 टक्के रोखे, आणि परतावा त्यापासून किती हलू शकतो या अंदाजालाही 1.25 टक्के अंकांची मर्यादा. टेमासेकचा माणूस मात्र थेट कंपनीत हिस्सा घेतो. दोघांच्या दिवसात फारसं साम्य नाही. म्हणून ऑफर आली की फंडाच्या नावाआधी टेबल, म्हणजे कामाचा विभाग कोणता ते विचारा.

टेबलं साधारण तीन. पहिलं, लिस्टेड शेअर आणि रोखे. दुसरं, बाहेरचे मॅनेजर निवडणं, म्हणजे कोणत्या प्रायव्हेट इक्विटी फंडाला (कंपन्यांत मोठा हिस्सा घेऊन पुढे नफ्यात विकणाऱ्याला) पैसे द्यायचे ते ठरवणं. तिसरं, थेट गुंतवणूक आणि को-इन्व्हेस्टमेंट, म्हणजे अशा फंडाच्या सौद्यात त्याच्या जोडीने थेट पैसे घालणं. भारतीय उमेदवाराला दुसरं टेबल बऱ्याचदा कमी दर्जाचं वाटतं, आणि तिथेच हिशेब चुकतो. समजा सॉव्हरिन फंडाने बाहेरच्या मॅनेजरला 100 कोटींची कमिटमेंट दिली, म्हणजे तेवढे पैसे द्यायचं कबूल केलं, आणि फी 2 टक्के आहे. गुंतवणुकीच्या पहिल्या 5 वर्षांत फी कमिटमेंटवर लागते, गुंतलेल्या रकमेवर नाही. म्हणजे एकही कंपनी विकली जाण्याआधी 10 कोटी गेले. वर 8 टक्क्यांच्या हर्डलनंतर, म्हणजे गुंतवणूकदाराला तेवढा किमान परतावा दिल्यावर, नफ्यातला 20 टक्के वाटा मॅनेजरचा; यालाच कॅरी म्हणतात. को-इन्व्हेस्टमेंटला मात्र फी आणि कॅरी बहुतेक वेळा नसते किंवा कमी असते, म्हणूनच मोठे फंड तिच्यामागे असतात. मुलाखतीत डीसीएफ (पुढच्या रोकडीवरून कंपनीची आजची किंमत काढणं) घडाघडा मांडणारे पुष्कळ येतात. 'निव्वळ परतावा किती उरतो?' या प्रश्नावर मात्र गाडी अडते.

आता वजन. अमिरातीत पगारावर आयकर नाही, हा मोठा गुण. पण ऑफरचा आकडा फोडून घ्या: मूळ पगार, घरभाडं, मुलांची शाळा, वर्षाचं विमान तिकीट. सेवाअंती मिळणारी रक्कम साधारणपणे फक्त मूळ पगारावर मोजतात, त्यामुळे भत्ते फुगवलेली ऑफर दिसायला जड आणि हातात हलकी. इकडचं उत्पन्नही पाहा. भारतातलं करपात्र उत्पन्न 15 लाखांच्या वर गेलं आणि दुसऱ्या कुठल्याच देशात निवासी म्हणून कर लागत नसेल, तर भारतीय नागरिकाला इथे निवासी मानतात. परदेशी पगार तरीही सुटतो, पण कागदपत्रं वाढतात. रावेर-यावलकडच्या केळीचं उत्पन्न या 15 लाखांत धरत नाहीत. भुसावळच्या दुकानाचं भाडं धरतात.

या वजनात एक गोष्ट नाही, ती म्हणजे कॅरी. 800 कोटी नफा काढणाऱ्या प्रायव्हेट इक्विटी फंडात, हर्डल आणि कॅच-अप (मॅनेजरने आपला मागे राहिलेला वाटा भरून घेणं) पूर्ण झाल्यावर, 160 कोटी टीमकडे आणि मालकांकडे जातात. तोच नफा सॉव्हरिन फंडाला मिळवून देणाऱ्याला पगार आणि बोनस. अर्थात कॅरी हातात पडायला अनेक वर्षं जातात आणि मध्येच नोकरी सोडली तर न पिकलेला भाग बुडतो, त्यामुळे सगळ्यांनीच हळहळायचं कारण नाही.

घडणावळीत हा माल स्वस्त. इन्व्हेस्टमेंट बँकेत नवख्याला आठवड्याचे 80 तास नवे नाहीत. इथे बहुधा घरी जेवायला पोचता येतं. पैसे उभे करायला दारोदार फिरावं लागत नाही. त्रास वेगळा आहे: समित्यांचे थर. मेमो लिहा, रिस्क विभागाचे प्रश्न घ्या, पुन्हा लिहा, आणि वरून देशाचं धोरण बदललं की तो बाजूला ठेवा. आखातात वरच्या जागा स्थानिकांकडे जाण्याकडे कल असतो, तेव्हा छत कुठे आहे ते आधीच बघावं.

मोडीत घट येते ती इथेच. पाच-सहा वर्षं को-इन्व्हेस्टमेंटमध्ये दुसऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसलं, की सौदा शोधणं, वाटाघाट करणं, कंपनी सावरणं ही कामं हातून सुटतात. परत प्रायव्हेट इक्विटीत जाताना नेमकं तेच विचारतात. पेन्शन फंड, मोठी फॅमिली ऑफिसेस (श्रीमंत घराण्यांचा पैसा सांभाळणाऱ्या संस्था) किंवा दुसरा सॉव्हरिन फंड इथे मात्र भाव चांगला येतो. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारीपदाशी तुलना करणाऱ्यांनी एवढंच पाहावं: तिथे नोकरी टिकते, इथे व्हिसा नोकरीवर टिकतो.

म्हणून पहिली नोकरी म्हणून घेऊ नये, तिसरी म्हणून जरूर घ्यावी. सीएची आर्टिकलशिप आता 2 वर्षांची आहे. ती जळगाव-धुळ्यात केली तर ऑडिट आणि जीएसटी पक्कं होतं, व्हॅल्युएशनला क्वचितच हात लागतो. ती कसर मुंबईत कंपन्यांच्या खरेदी-विक्रीवर सल्ला देणाऱ्या ट्रान्झॅक्शन अ‍ॅडव्हायझरीत दोन-तीन वर्षं काढून भरावी. जोडीला गुंतवणूक क्षेत्राची सीएफए परीक्षा: तीन लेव्हल, प्रत्येकीला सुमारे 300 तास अभ्यास, आणि चार्टरसाठी 4000 तासांचा संबंधित अनुभव. मग थेट अबुधाबीकडे डोळे लावण्याआधी मुंबईतच बघा. जीआयसी आणि टेमासेकची ऑफिसेस तिथे आहेत. 2015 साली उभा राहिलेला, केंद्र सरकारचा 49 टक्के वाटा असलेला एनआयआयएफ, म्हणजे राष्ट्रीय गुंतवणूक आणि पायाभूत सुविधा निधीही तिथलाच. रस्ते, बंदरं, वीज यांचं मॉडेल तिथे शिकता येतं, आणि अबुधाबीचा पैसा त्याच टेबलावर येत असल्याने पुढची ओळखही तिथेच होते.