बर्डीवरून घेतलेलं जुनं मॅकबेथ, ६० रुपयात

नागपूरला बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानातून शेक्सपिअरचं मॅकबेथ नाटक घेतलं, ६० रुपये. बाइंडिंग ढिलं आहे, पहिल्या अंकाची चार पानं हातातच आली. दुकानातले काका म्हणाले परत आणा, दुसरी कॉपी देतो, पण मी नाही देणार, कारण मॅकबेथ राजा डंकनचा खून करतो त्या पानावर आधीच्या कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, सगळं बायकोनंच केलं, आणि तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे.

मला हे अजिबात पटत नाही. मॅकबेथची बायको गुन्हेगार आहेच, पहारेकऱ्यांच्या दारूत औषध तिनं घातलं, खंजीर काढून ठेवले, नवरा मागे हटला तर त्याची मर्दानगी काढली, तो घाबरून खंजीर सोबतच घेऊन आला तर परत ठेवायलाही तीच गेली. पण खुनाचा विचार त्याच्या डोक्यात, तू राजा होशील हे चेटकिणींचं ऐकल्याबरोबर आला ना, तेव्हा तर बायकोला त्याबद्दलचं पत्रपण मिळालं नव्हतं! पुढे सोबतचा सरदार बँको, त्याला मारायचं तिला नीट सांगितलंच नाही, आणि मॅकबेथनं मारवलेल्या, सरदार मॅकडफच्या बायकोसाठी झोपेत बडबडते कोण, तर हीच. झोपलेला राजा बापासारखा दिसला म्हणून तिच्यानं वार झाला नाही, तिथं मी पुस्तक मिटून बसून राह्यलो.

पहिल्या खुनात निम्मा दोष तिचा, पुढचे सगळे त्याचे. दुकानाला चार स्टार. मॅकबेथवरूनच मराठीत केलेलं शिरवाडकरांचं राजमुकुट विचारलं, नव्हतं, पुढच्या रविवारी बघून ठेवतो म्हणाले.