हॉट प्लेट घेताय? आधी तिचे कोपरे मोजा

लातूरजवळच्या एका फार्मसी कॉलेजात मी फार्माकॉलॉजी शिकवते. आमच्या लॅबमध्ये वेदनाशामक औषधं उंदरांवर तपासायची डिजिटल हॉट प्लेट येऊन दोन वर्षं झाली. साडेतेवीस हजार, जीएसटी वेगळा. कंपनीचं नाव घालत नाही, कारण मी सांगतेय ते कुठलीही प्लेट घेताना बघायला हवं.

यंत्र साधंच आहे. धातूची तापणारी प्लेट, वर ॲक्रिलिकची चौकोनी पेटी, तापमान ५५ अंश. उंदीर आत सोडला की टायमर सुरू करायचा. त्याने पंजा चाटला किंवा उडी मारली की बंद. वेदनाशामकाने हा वेळ वाढतो. १५ सेकंदांत काहीच केलं नाही तरी त्याला उचलायचंच, नाहीतर तळवे भाजतात. वूल्फ आणि मॅकडोनाल्ड यांनी १९४४ मध्ये ही पद्धत मांडली. आपल्याकडे मात्र सगळे ‘एडीज हॉट प्लेट’च म्हणतात.

पहिल्याच वर्षी एम.फार्मच्या एका मुलीने निर्गुंडीच्या पाल्याच्या अर्कावर काम घेतलं. औषध द्यायच्या आधीची रीडिंग घेतली, तर एक उंदीर ५ सेकंदांत पंजा चाटतोय, दुसरा १३ सेकंद गप्प. एकाच पिंजऱ्यातले, एकाच वजनाचे. मला वाटलं, पोरीचा टायमरवर हात बसला नाही. दोन दिवस तिलाच बोलले.

ॲनिमल हाऊसचे मामा दाराशी उभे राहून बघत होते. म्हणाले, “मॅडम, हे सगळे त्या मागच्या कोपऱ्यातच जाऊन बसायलेत बघा.”

केमिस्ट्रीतून थर्मोकपलचा थर्मामीटर आणला. प्लेटवर मार्करने नऊ खुणा केल्या आणि एकेक जागा मोजली. मध्यभागी ५५.२. पुढच्या कडेला ५४. मामांनी दाखवलेल्या कोपऱ्यात ५१. डिस्प्लेवर मात्र ५५.० ठाम, कारण सेन्सर प्लेटच्या पोटात मधोमध बसवलेला. ज्या उंदराला तो कोपरा सापडला, त्याला आम्ही कमी दुखतंय असं वहीत लिहीत होतो. त्या सहा उंदरांची रीडिंग रद्द केली. सहा जिवांना चटका बसला आणि हाती काही लागलं नाही. आयएईसीकडे, म्हणजे कॉलेजच्या प्राणी-प्रयोग नैतिकता समितीकडे, जनावरं मागताना प्रत्येकाचा हिशेब द्यावा लागतो. त्या सहांचं कारण लिहिताना पेन अडखळलं. त्या मुलीची माफी मागितली, ते वेगळंच.

विक्रेता फोनवर म्हणाला, “एवढा फरक चालतो, मॅडम.” नाही चालत. या चाचणीत चार अंशांनी सगळा निकाल फिरतो. नऊ जागांची रीडिंग लेटरहेडवर पाठवली, तेव्हा कुठे तीन महिन्यांनी हीटर आणि प्लेट बदलून मिळाली. नवी प्लेट चांगली आहे. कुठेही मोजा, अर्ध्या अंशाच्या आत. टायमरला पायाचं पेडल आहे, त्यामुळे दोन्ही हात जनावरासाठी मोकळे राहतात. हे मला फार आवडलं.

आपल्याकडच्या लाइटचं मात्र बघावं लागतं. लाइट जाऊन आली की आमची प्लेट ५८ पर्यंत चढते आणि मग खाली उतरते. वीस मिनिटं थांबल्याशिवाय उंदीर ठेवायचा नाही, हे आम्ही भिंतीवर लिहून ठेवलंय. स्टॅबिलायझर वेगळा घ्यावा लागला. १५ सेकंदांना वाजणारा बझर यात नाही. ही कमतरता गंभीर आहे. दुसरा विद्यार्थी स्टॉपवॉच धरून शेजारी उभा असतो आणि मोठ्याने “पंधरा!” म्हणतो.

एक गोष्ट नव्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगते. पंजा चाटणं, उडी मारणं यात मेंदूचा भाग आहे. टेल-फ्लिक चाचणीत शेपटीला उष्णता देतात; त्यातलं शेपूट हलवणं मज्जारज्जूच्या पातळीवर होतं. म्हणून हॉट प्लेटवर पेंटाझोसिन किंवा ट्रॅमाडॉलसारखं मेंदूवर काम करणारं वेदनाशामक छान दिसतं, ॲस्पिरिनसारखं औषध धड दिसत नाही. अर्क इथे चालला नाही म्हणून तो निकामी ठरत नाही. ॲसेटिक ॲसिडची रायदिंग टेस्टही बघावी, म्हणजे पोटात ॲसिड टोचल्यावर उंदीर किती वेळा अंग पिळवटतो ते मोजायचं.

पैसे असतील तर हारग्रीव्हज पद्धतीचं प्लँटार यंत्र घ्या. त्यात काचेखालून एकाच पंजावर उष्णता पडते आणि जनावर स्वतःच पाय उचलून घेतं. पण त्याची किंमत लाखांत जाते, आणि आमच्यासारख्या कॉलेजला ते सध्या शक्य नाही.

पुढच्या महिन्यात दुसरी प्लेट घेतोय. या वेळी ऑर्डरमध्येच अट टाकलीय: नऊ जागांचं तापमान आमच्या लॅबमध्ये, आमच्या थर्मामीटरने, मामांसमोर मोजायचं. मगच बिल पास.